गारा न पडलेली जागा

१

गारपीट थांबली की सगळं गाव आपापल्या गाड्यांच्या काचा बघायला धावतं, आणि मी धावते लोकांच्या गच्च्यांवर. यात माझं काही चुकतं असं मला आजवर वाटलेलं नाही. माझी नोकरीच ती आहे. आमच्या कचेरीत गारांचा अभ्यास होतो, आणि खरं सांगायचं तर पगार दिला नसता तरी मी तो केला असता. हे साहेबांना सांगू नका.

गार म्हणजे नुसता बर्फाचा खडा असं ज्याला वाटतं त्याची मला कीव येते. अहो, तिचा जन्म तर बघा! उन्हाने तापलेली हवा वर उफाळते, ढगात घुसते आणि सोबत पाण्याचे थेंब घेऊन जाते. वर इतकी थंडी की पाण्याने गोठायलाच हवं, पण बेटं गोठत नाही. चिकटायला काहीतरी मिळावं म्हणून वाट बघत थांबतं. एखादा धुळीचा कण, एखादं चिलट, एखादा आधीच गोठलेला थेंब सापडला की क्षणात त्याचा बर्फ. झालं बीज तयार. मग खालचा वारा तिला झेलत राहतो, वाटेत भेटेल ते पाणी ती अंगावर घेते, थरावर थर चढतो, आणि वाऱ्याला पेलवेनाशी झाली की येते कोसळत. सावकाश गोठलेला थर काचेसारखा, झटकन गोठलेला दुधासारखा. तापलेल्या तारेने मधोमध कापली की कांद्यासारखे पदर दिसतात. मी हजारो कापल्यात, तरी दर वेळी पोटात गुदगुल्या होतात.

माझं लग्न गारांशी लागलंय असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. छपरं आणि गच्च्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. खाली स्वयंपाकघर आणि माझी खोली, वर दादाची खोली, तिच्यावर गच्ची. आमच्या कचेरीच्या पाट्या लोकांच्या गच्च्यांवर चढवायचं काम मीच त्याला मिळवून दिलं. पाटी म्हणजे थर्माकोलचा जाड चौकोन, वरून फॉइल ताणून बसवलेली. गार पडली की फॉइलला पोचा पडतो, आणि पोच्याच्या मापावरून गार केवढी होती ते कळतं. कचेरीचे नियम दोनच. पाटीवर पाय द्यायचा नाही, आणि पाटी उभी ठेवायची नाही. उभी ठेवली की थर्माकोल वाकतो आणि फॉइल सैल पडते. पाटी नेहमी आडवी, फॉइल वर. हे आमच्या हातांना इतकं सवयीचं झालंय की घरी ताटसुद्धा मी उभं ठेवत नाही.

तर त्या मोसमातली पहिली गारपीट झाली आणि दादाने बेकरीच्या गच्चीवरची पाटी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. नुसते पोचेच पोचे, बोट ठेवायला जागा नाही. आणि मधोमध दोन जागा साफ कोऱ्या. शेजारीशेजारी, लांबट, मागे गोल आणि पुढे पाचपाच बोटं. लहान मुलाची पावलं होती ती.

दादा म्हणाला, मांजर बसलं असेल. मी विचारलं, मांजराला टाच कधीपासून फुटली. यावर तो चहा ठेवायला उठला.

२

मी घाबरले असं कुणी समजू नये. मी नाचायची बाकी होते. इतकी वर्षं पोचे मोजतेय, पण असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. पाटी घेऊन मी तडक कचेरीत साहेबांच्या खोलीत शिरले.

आमचे साहेब म्हणजे शांत माणूस. आभाळ कोसळलं तरी आधी किती उंचीवरून ते विचारतील. त्यांनी चष्मा वर केला, पाटी तिरकी धरली, आणि म्हणाले की फॉइलमध्ये दोष असेल, नाहीतर कुणीतरी चेष्टा केली असेल. मी म्हटलं, बरं. मग दार लावून मी कामाला लागले. फॉइल तपासायला आमच्याकडे पोलादी गोळ्या असतात, त्या ठरावीक उंचीवरून सोडायच्या. मी त्याच पाटीच्या कोऱ्या जागेवर एक सोडली. टक्कन आवाज झाला आणि छान पोचा पडला. फॉइलमध्ये दोष नव्हता.

मग चेष्टेचा पत्ता लावायला निघाले. नव्या पाटीवर मी माझ्या चपला ठेवल्या आणि वरून गोळ्यांचा पाऊस पाडला. चपला उचलल्यावर कोरे आकार मिळाले खरे, पण चपलांच्या वजनाने फॉइल चेपली होती, कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. बेकरीच्या पाटीवर एकही सुरकुती नव्हती. जे काही तिथे उभं होतं त्याने गारा अडवल्या होत्या, पण पाटीवर भार टाकला नव्हता.

पंधरवड्याने दुसरी गारपीट झाली. या वेळी पावलं शिंप्याच्या गच्चीवर होती, बेकरीपासून चार घरं इकडे. आणि ती वाढली होती. आता ती शाळा सोडायच्या वयाच्या पोराची वाटत होती.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकी मी हरखले होते. ते वाढतंय, मी दादाला सांगितलं, गारेसारखंच वर जातंय, खाली येतंय आणि दर खेपेला मोठं होऊन येतंय. दादाने त्याचं नावच पाहुणा ठेवलं. पाहुण्याला चहा घेतो का ते विचारून ठेव म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून बेत केला. पाहुणा बेकरीकडून शिंप्याकडे आला म्हणजे आमच्याच दिशेने सरकतोय, तेव्हा शिंप्यापासून आमच्या घरापर्यंत प्रत्येक गच्चीवर एकेक पाटी टाकायची. कुठल्या तरी पाटीवर तो सापडेलच. साहेबांनी जादा पाट्या द्यायला खळखळ केली, पण दिल्या. शेवटची पाटी दादाने आमच्याच गच्चीवर टाकली, आणि खाली येऊन म्हणाला, घे, तुझ्या पाहुण्याला दारापर्यंत पायघड्या घातल्या.

आम्ही पोट धरून हसलो. खरंच हसलो.

३

तिसरी गारपीट भर दुपारी आली. ढगाचा तळ हिरवट काळा झाला होता आणि पाखरं गप्प होती. मी कचेरीत होते. खिडकीला नाक लावून मी एकेका गारेवर बोट दाखवत होते, आणि साहेब मला काचेपासून लांब हो म्हणून ओरडत होते. लिंबाएवढ्या गारा होत्या. एवढी गार रस्त्यावरच्या भरधाव गाडीच्या वेगाने येते. पत्र्याला भोक पाडते, गाईगुरं लोळवते, माणसाचं हाड तर काटकीसारखं मोडते.

आणि एक गोष्ट मी लोकांना घसा बसेपर्यंत सांगते. गारा पट्ट्यापट्ट्याने येतात. एक पट्टा गेला की उसंत मिळते आणि लोकांना वाटतं संपलं, म्हणून बाहेर पडतात. मग दुसरा पट्टा त्यांना उघड्यावर गाठतो. दादाला मी हे उठताबसता सांगितलंय. तरीही उसंत मिळताच तो हेल्मेट चढवून शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या गच्चीवर चढला, कारण पाहुण्याची पावलं ताजी असताना त्याला मला दाखवायची होती. माझ्यासाठी गेला हो तो.

इस्त्रीवाल्याने त्याला खाली ओढून आणलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचा डावा खांदा मोडलेला होता, हात छातीशी बांधून गळ्यात झोळी अडकवली होती आणि पाठ काळीनिळी पडली होती. मी आधी रडले, मग त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. तो गालातल्या गालात हसत होता. दुखण्यावरच्या गोळ्यांनी त्याचे डोळे जड झाले होते.

"चिमे, गारा सगळीकडे पडत होत्या," तो म्हणाला, "एका जागी पडत नव्हत्या. ती जागा पाटीवर होती."

"मग?"

"मी पाटीला हात लावला. मग पाटीवर पडायला लागल्या, आणि माझ्यावर पडायच्या थांबल्या."

मी विचारलं, काय दिसलं. तो म्हणाला, काही नाही. नुसतं वरून कुणीतरी ओणवं झाल्यासारखं वाटलं, बराच वेळ. जवळून माप घ्यावं तसं. पण वाचलो त्याच्यामुळेच, असंही म्हणाला. मी हो हो म्हटलं. गोळ्यांच्या नशेत माणूस काहीही बोलतो, हे मी स्वतःला घरी येईपर्यंत समजावत होते.

घरी येऊन मी गच्चीवर गेले. आमच्या पाटीवर दोन पावलं होती, पुऱ्या वाढलेल्या पुरुषाची. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. अशी करंगळी मी एकच पाहिली आहे. तरी मी खाली जाऊन दादाची चप्पल आणली आणि पावलावर धरून बघितली. केसाचाही फरक नव्हता. टाचा कठड्याकडे होत्या, आणि बोटं जिन्याच्या दाराकडे.

४

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. "बाई, तुमचा भाऊ आपल्या गच्चीवर उभा होता, त्याचीच पावलं आहेत. मार लागला की माणसाला मागचंपुढचं आठवत नाही."

मी म्हटलं, सुरकुत्या कुठे आहेत? दादाचं वजन दोन पोत्यांएवढं आहे. त्यावर ते म्हणाले, घरी जा, झोप काढा, आणि जाताना ही नवी पाटी न्या, तुमच्या गच्चीवरची पोचेवाली बदला. काम थांबता कामा नये.

खोटं कशाला बोलू, साहेबांचं ऐकून मला बरं वाटलं होतं. कुणीतरी शहाण्या माणसाने आपल्याला वेड्यात काढावं अशी कधीकधी गरज असते. पण घरी येताना रस्त्यात माझ्या डोक्यात गार कापल्यासारखा विचार उघडला. गार वाढते कशी? वाटेत भेटेल ते अंगावर घेऊन. बेकरीवर ते लहान होतं, शिंप्याकडे थोराड झालं, आणि इस्त्रीवाल्याच्या गच्चीवर त्याला वाटेत दादा भेटला.

आणि आता दवाखान्यातून घरी आणलेला दादा वरच्या खोलीत पडून होता, बरोबर त्या पावलांच्या खाली. त्याला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. मला जगात दुसरं कुणी नाही. तो गेला तर मला चिमी म्हणणारं कुणी उरणार नाही, हा एकच विचार मला पुरला. अभ्यास गेला खड्ड्यात. मी पदर खोचला, शिडी घेतली आणि आमच्या ओळीतली प्रत्येक पाटी स्वतः उतरवली. शिंपी विचारायला लागला, बाई काय झालं. म्हटलं, काही नाही, पायघड्या गुंडाळतेय. सगळ्या पाट्या टेम्पोत घालून कचेरीत पोचत्या केल्या. आता त्याला गल्लीत पाय टेकायला एवढीशी फॉइल शिल्लक नव्हती.

साहेबांनी दिलेली नवी पाटी मात्र मी गच्चीवर चढवली नाही. चढवणारही नव्हते. स्वयंपाकघरात ओल होती, माझ्या खोलीत खाट सोडून जागा नाही. छपराखाली गार कुठून येणार, म्हणून ती वर नेली आणि दादाच्या पलंगाशेजारी जमिनीवर ठेवली. आडवी, फॉइल वर.

दादा झोपेत होता. त्याच्या कपाळावर हात ठेवला, ताप नव्हता. किती दिवसांनी जिवात जीव आला.

५

दोन दिवसांनी दुपारची जेवणं उरकली आणि उजेड हिरवा झाला. मी लगेच वर गेले आणि दादाच्या खिडकीची लाकडी दारं आतून लावून घेतली. खाली चल म्हटलं तर तो म्हणाला, आताच गोळी घेतलीय, उठवू नकोस, वर स्लॅब आहे की. खरंच होतं. काचेपासून लांब आणि पक्क्या छपराखाली, याहून सुरक्षित जागा मी लोकांनासुद्धा सांगत नाही. दार ओढून घेतलं आणि खाली येऊन जिन्याशी उभी राहिले.

पहिली गार गच्चीवर आपटली. मग दुसरी. मग मोजण्याच्या पलीकडे. वीज गेली. आवाजावरून मला माप कळतं, ही बढाई नाही. आधी वाटाणे, मग लिंबं, मग त्याहून मोठं काहीतरी, ज्याच्याबद्दल मी आजवर फक्त वाचलं होतं. शेजारचे पत्रे फाटत होते, कुठेतरी काच फुटून पडत होती. आणि देवाशपथ, भीतीबरोबर मला मजाही येत होती. एवढी मोठी गार! असं वाटत होतं की बर्फाची पेटी घेऊन धावावं. स्वभावाला औषध नाही.

तेवढ्यात मला आवाजातलं भोक ऐकू आलं.

सगळ्या गच्चीभर दणदणाट होता, आणि कठड्याच्या कोपऱ्यात एवढ्याशा जागेत काही नाही. शांत. मी मान वर करून ऐकत राहिले. ती शांत जागा सरकत होती, थांबत थांबत, माणूस पाय टेकायला जागा शोधतो तशी. जिथे आमची पाटी असायची तिथे येऊन ती घुटमळली. मी तोंडावर हात दाबून धरला होता. पाटी नाही रे तिथे, मी मनात म्हणत होते, जा, निघ, काही ठेवलेलं नाही तुझ्यासाठी.

आणि भोक भरलं. त्या जागीही दणादण गारा पडायला लागल्या. गच्चीवर कोरी जागा म्हणून उरली नाही.

गेला, गेला! मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या पिटल्या. अक्षरशः उड्या मारल्या. जिंकले होते मी. दादाला उठवून सांगायचं ठरवलं, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

वरच्या खोलीतून टक्कन आवाज आला. मग आणखी एक. मग टक टक टक, भराभर.

गारांच्या त्या दणदणाटात तो आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. मी मात्र तो उभ्या नोकरीत ऐकत आले आहे. ताणलेल्या फॉइलला पोचे पडत होते, माझ्या भावाच्या बंद खोलीत, स्लॅबच्या खाली.

६

मी पायऱ्या कशा चढले ते मला माहीत नाही. दार ढकललं. आत काळोख होता, खिडकीच्या फटीतून येणारा तेवढाच उजेड. दादा उठला होता. पलंगाच्या अलीकडे पाठमोरा उभा होता, सरळ पाटीवर.

आता याला काय म्हणाल? एवढ्या भीतीतही माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "दादा, पाटीवर पाय देऊ नकोस."

तो वळला. मी त्याचा हात धरला आणि ओढत निघाले. मागे बघितलं नाही, पलंगाकडे तर नाहीच. जिन्यात तो माझ्या मागोमाग येत होता, कुठे अडखळला नाही, कण्हला नाही. मी एकसारखी बोलत होते. घाबरू नकोस, मी आहे, सुटलो आपण, आता हे घरच सोडू, गारा नसतील अशा गावी जाऊ, मी दुसरी नोकरी करीन. मला हसू येत होतं आणि रडूही. स्वयंपाकघरात आणून मी त्याला खुर्चीत बसवलं, पाणी भरलं आणि पेला त्याच्यापुढे धरला. एवढा मोठा माणूस मी एका दमात खाली आणला, याचं मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

मग माझ्या लक्षात आलं की मी त्याला डाव्या हाताला धरून ओढलं होतं.

तो हात मांडीवर मोकळा पडला होता. गळ्यात झोळी नव्हती. चेहरा दादाचाच होता, कपाळ, भुवया, करंगळीसुद्धा. तो पेल्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, जवळून, माप घ्यावं तसं.

बाहेर गारा ओसरल्या. उसंत मिळाली आणि घर शांत झालं. आणि वरच्या खोलीतून, गोळीच्या गुंगीतून नुकतं जागं झालेल्या माणसाचा जड, कळवळलेला आवाज आला.

"चिमे, कुठे गेलीस? मला उठवायला ये ना. इथे फार गार पडलंय."

खुर्चीतल्याने मान वर करून आवाजाच्या दिशेने बघितलं. मग सावकाश उठून तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहिला. पायरी करकरली नाही. वर जायला तो एकच जिना आहे.

मी पेला ओट्यावर ठेवला. "आले रे, दादा," मी वर बघून म्हटलं, आणि जिन्याकडे निघाले.